पेन्सिलीचे दोन ठोके

औषधाच्या खोक्यात गोळ्यांच्या पाकिटाभोवती घडी घातलेला एक पातळ कागद असतो. तो कुणी वाचत नाही. एकदा उलगडला की पुन्हा तशी घडी बसत नाही, एवढीच त्याची बहुतेकांना ओळख. पण आपल्या हातात पडण्याआधी तो कागद कुणीतरी पहिल्या अक्षरापासून शेवटच्या अक्षरापर्यंत वाचलेला असतो, तोही एकदा नव्हे, दोन-तीनदा. हे काम भिंगताई करत होत्या, आणि एकतीस वर्षं करत होत्या.

गळ्यात काळ्या दोरीला एक गोल भिंग कायम लटकलेलं असे, म्हणून त्या भिंगताई. भाजी घ्यायला गेल्या तरी भिंग बरोबर. छापखान्यात लागल्या तेव्हा बावीस-तेवीस वर्षांच्या असतील. तिथली रीत अशी की पत्रक तपासायचं ते जोडीनं. एकानं सही-शिक्क्याची मूळ प्रत हातात धरून मोठ्यानं वाचायची आणि दुसऱ्यानं छापायला जाणाऱ्या प्रतीवरून नजर फिरवायची. कान एका प्रतीवर, डोळे दुसरीवर. दोन्हींत फरक दिसला की तपासणाऱ्यानं बोलायचं नाही, कारण बोललं की वाचणाऱ्याची लय तुटते. टेबलावर पेन्सिलीचे दोन ठोके मारायचे. ठोके पडले की वाचणारा ओळीच्या सुरुवातीला जाऊन तीच ओळ पुन्हा वाचणार.

भिंगताईंच्या वाट्याला आलेला वाचक उंच, हडकुळा आणि मान किंचित वाकडी असलेला होता. दिवसभर त्याचा आवाज खोलीत चालू असे म्हणून सगळे त्याला रेडिओ म्हणत. आवाज मात्र असा, की ‘दिवसातून दोनदा, जेवणानंतर’ एवढंच ऐकूनही माणसाला बरं वाटावं. तीन वर्षं हा आवाज एका कानानं ऐकत भिंगताईंनी काढली. मग एका दुपारी एका मलमाच्या पत्रकाचा शेवट वाचताना रेडिओ त्याच संथ सुरात म्हणाले, “थंड व कोरड्या जागी ठेवावे. लहान मुलांच्या हाती लागू देऊ नये. येत्या रविवारी तपासनीस बाईंनी चहाला यावे.”

भिंगताईंनी दोन ठोके मारले. ते वाक्य प्रतीत नव्हतं.

रेडिओ नियमाप्रमाणे ओळीच्या सुरुवातीला गेले आणि तेच वाक्य पुन्हा वाचलं. पुढचं सांगायला नको. त्यांची मुलगी लहानपणी याच वाचनावर झोपायची. दुसऱ्या मुलांना अंगाई लागते, हिला ‘दुष्परिणाम जाणवल्यास’ लागायचं.

आता मुलगी दूरच्या शहरात नोकरीला होती, रेडिओंना निवृत्त होऊन चार वर्षं झाली तरी वाचन सुटलं नव्हतं, आणि छापखान्यानं जागा आवरती घेतल्यापासून ही जोडी घरीच काम करायची. खिडकीशी लांब टेबल, एका टोकाला लॅपटॉप, दुसऱ्या टोकाला रेडिओंची खुर्ची. दुपारी खिडकीतून ऊन तिरकं येऊन टेबलाच्या मधोमध थांबे, आणि त्या उन्हात दोघांचं काम चाले. बाहेरून बघणाऱ्याला वाटलं असतं की हा माणूस बायकोला कसलीतरी पोथी वाचून दाखवतोय.

मग छापखान्याच्या मुख्य तपासनीस बाईंचं पत्र आलं. दोन महिन्यांनंतर छापायच्या प्रती कागदावर मिळणार नाहीत, फक्त मूळ प्रत कागदावर येईल. तपासणी सगळी स्क्रीनवर. त्याआधी प्रत्येक जोडीची चाचणी होईल. एक पत्रक पाठवलं जाईल, त्यात मुद्दाम पेरलेल्या सात चुका असतील, आणि ताडून बघायला मूळ प्रत मिळणार नाही. सातपैकी सात सापडल्या तर जोडी राहील. औषधाला सूट नसते, असं बाईंनी शेवटी लिहिलं होतं, आणि त्यात काही चुकीचं नव्हतं.

भिंगताईंनी लॅपटॉपवर एक पत्रक उघडून बघितलं. अक्षर स्वच्छ होतं, पण पत्रक पुरतं मावायचं नाही. मोठं करावं तर अर्धी ओळ बाहेर जाई, लहान करावं तर मुंगीच्या पायाएवढं होई. फोनवर मुलीला हे कळलं आणि आठवड्यात घरी एक खोकं आलं. त्यात बत्तीस इंचांचा मॉनिटर होता. शेजारच्या काकूंनी दार उघडं बघून आत डोकावलं आणि विचारलं, “खिडकी बदलली का हो?”

मॉनिटर लावला. पत्रक उघडलं. अक्षरं मोठी झाली, पण नीट दिसेनात. प्रत्येक अक्षराच्या कडेला एक राखाडी झालर, जणू कुणी ओल्या बोटानं पुसलंय. वेलांट्या फुगलेल्या, ओळी पाण्याखालून बघाव्यात तशा हलक्या तरंगत असलेल्या. भिंगताईंनी चष्मा पुसला, डोळे चोळले, खुर्ची मागे घेतली, पुढे घेतली. मग त्यांनी सहज वाटावं अशा आवाजात विचारलं, “अहो, तुम्हाला कसं दिसतंय?”

रेडिओंनी मान थोडी तिरकी करून मॉनिटरकडे बघितलं. “काय स्वच्छ दिसतंय,” ते म्हणाले. “रस्त्यावरच्या पाटीसारखं.”

चौसष्ट वर्षांच्या माणसाला पाटीसारखं स्वच्छ दिसतंय आणि आपल्याला धूसर, याचा अर्थ भिंगताईंच्या लेखी एकच होता. आईची नजर याच सुमाराला गेली होती. आधी सुईत दोरा ओवेना, मग पेपर दूर झाला, मग माणसं आवाजावरून ओळखायला लागली. आता आपली पाळी, असं त्यांनी मनाशी धरलं. आणि एकदा मनाशी धरलं की भित्यापाठी ब्रह्मराक्षस. जिना उतरताना पायरी हलल्यासारखी वाटे, चहात साखर पडली की नाही याची शंका येई. डोळ्यांच्या डॉक्टरांचं दार त्यांच्या रोजच्या रस्त्यावर होतं. त्या पलीकडच्या पदपथानं जायला लागल्या.

घरात हे कुणालाच सांगायचं नाही, असं ठरलं. कुणालाच म्हणजे अर्थात एका माणसाला. त्यांना वाईट वाटेल. शिवाय चाचणी जोडीची होती. आपल्यामुळे त्यांचाही आवाज बंद पडणार, हे भिंगताईंना स्वतःच्या डोळ्यांपेक्षा जास्त लागत होतं. वाचायला पत्रक नसेल तर हा माणूस दिवसभर काय करेल, हेच त्यांना सुचत नव्हतं.

त्या दिवसांत त्यांना दुपारच्या डुलकीत एकच स्वप्न पडायचं. मोठं शांत तळं, त्याच्या तळाशी अक्षरं. रेडिओंचा आवाज वरून येतोय, एकेक शब्द पाण्यात पडतोय, आणि त्या ओंजळीत धरायला बघताहेत. शब्द हाताला लागायचे, गार लागायचे, पण वर काढले की नुसतं पाणी. गंमत म्हणजे स्वप्नात भीती वाटायची नाही. तिथं इतकं निवांत असे की जाग आल्यावर त्यांना थोडं चुकल्यासारखं वाटे. मग त्या डोळे मिटून घरात चालून बघत. टेबल, दार, सहा पावलांवर ओटा. सवय केलेली बरी, असं त्या स्वतःला समजावत.

त्यातच आणखी एक प्रकार घडला. सवय व्हावी म्हणून जोडीचं वाचन आता नव्या मॉनिटरवरच चाले. ते झालं की भिंगताई एकट्या बसून आकड्यांची फेरी करत. दोन्ही प्रतींतला प्रत्येक आकडा लॅपटॉपवर मोठा करून, कागदावर भिंग लावून, बोट ठेवून तपासायचा. ही त्यांची स्वतःची रीत, कुणी सांगितलेली नव्हे. एका दुखणं थांबवणाऱ्या गोळीच्या पत्रकात दिवसातून पाच गोळ्यांपेक्षा जास्त घेऊ नयेत असं वर्षानुवर्षं येत होतं. नवीन प्रतीत कंपनीनं ते चार केलं होतं. कागदावर चार होते, स्क्रीनवर चार होते, सगळं ठीक होतं. पण वाचताना आपण ‘पाच’ ऐकलं होतं, हे भिंगताईंना पक्कं आठवत होतं. ऐकलं पाच, समोर चार, आणि तरी आपण ठोके मारले नाहीत.

त्या धूसर मॉनिटरवर चार आणि पाच जवळजवळ सारखेच दिसत, ते एक झालं. पण रेडिओंनी चुकीचं वाचलं असेल, हे त्यांच्या स्वप्नातही आलं नाही. एकतीस वर्षांत त्या माणसानं एकदाही चुकीचं वाचलं नव्हतं. सूर्य पश्चिमेला उगवला असं कुणी सांगितलं तर भिंगताईंनी आधी दिशा तपासल्या असत्या. म्हणून त्यांनी निकाल दिला की ऐकण्यातही आपणच चुकलो. आधी डोळे, आता कानही चालले. पुढच्या आठवड्यात दुसऱ्या एका पत्रकात असंच झालं तेव्हा त्यांनी नुसता सुस्कारा टाकला.

चाचणीला नऊ दिवस उरले असताना त्या रेडिओंच्या गुडघ्याचं मलम आणायला औषधाच्या दुकानात गेल्या. दुकानदारीण बाईंनी काहीतरी विचारायला म्हणून आपला मॉनिटर त्यांच्याकडे वळवला. लहानसाच होता. भिंगताईंनी सवयीनं वाचायला सुरुवात केली आणि तिसऱ्या ओळीला त्यांच्या लक्षात आलं की आपण वाचतोय. औषधांची नावं, बारीक अक्षरांतल्या तारखा, सगळं काळंभोर, कडा कातरून काढल्यासारख्या. त्यांनी चष्मा काढून पुन्हा घातला. अक्षरं तशीच होती.

“हा कुठून घेतलात?” त्यांनी विचारलं.

“मागच्या गल्लीत एक खडूस आहे,” दुकानदारीण बाई म्हणाल्या. “बोलतो वाकडं, वस्तू देतो सरळ.”

भिंगताई घरी आल्या त्या जिना दोन दोन पायऱ्यांनी चढत. पायऱ्या काही हलल्या नाहीत. त्यांना आशा वाटत होती, आणि आशा वाटतेय याची भीतीही. “अहो, उठा,” त्या म्हणाल्या. “मॉनिटर बदलायचाय.”

“हा चांगला आहे की,” रेडिओ म्हणाले. “स्वच्छ दिसतो.”

“तुम्हाला दिसत असेल. चला.” पिशवीत त्यांनी लॅपटॉप घेतला, त्याच दुखण्याच्या गोळीची मूळ प्रत घेतली आणि पेन्सिल घेतली. मॉनिटर घ्यायचा तर काम करून बघूनच घ्यायचा. चप्पल घेताना माणूस चार पावलं चालून बघतोच.

खडूस माणसाचं दुकान अरुंद आणि लांब होतं. दोन्ही भिंतींवर मॉनिटर, आणि प्रत्येकावर तेच निळे-पिवळे मासे पोहत होते. भिंगताईंना क्षणभर आपल्या स्वप्नातल्या तळ्यात आल्यासारखं वाटलं. दुकानदार पन्नाशीचा, कपाळावर चष्मा चढवलेला. त्यानं मान वर न करता विचारलं, “कशासाठी पाहिजे?”

“अक्षरं वाचायला.”

आता मान वर झाली. “केवढी अक्षरं?”

“औषधाच्या पत्रकातली.”

दुकानदार उठला आणि त्यानं एकामागून एक सगळे मासे बंद केले. “मासे सगळ्यांवर छान दिसतात,” तो म्हणाला. “मासे बघून मॉनिटर घेणारे लोक मग महिन्याभरानं डोळे दुखतात म्हणून येतात. घरी कोणता आहे?”

भिंगताईंनी सांगितलं. त्यानं कोपऱ्यातल्या तशाच एका भल्यामोठ्या मॉनिटरला लॅपटॉप जोडला आणि पत्रक उघडलं. तीच राखाडी झालर, तेच पाणी.

“तुम्हालाही हे असंच दिसतं?” भिंगताईंनी हळूच विचारलं.

“असं म्हणजे?”

“कडा पुसल्यासारखं.”

“सगळ्यांनाच दिसतं,” दुकानदार म्हणाला. “डोळे चांगले असतील तर जास्तच दिसतं. बडा घर पोकळ वासा आहे हा. आकार वाढवलाय, पण ठिपके तेवढेच. लहान मॉनिटरवर जेवढे ठिपके असतात, तेवढेच इथं ताणून बसवलेत. अक्षर ठिपक्यांचंच बनतं. ठिपका मोठा झाला की अक्षराची कड जाते.”

पाच आठवडे भिंगताई एका वस्तूचा दोष स्वतःच्या डोळ्यांवर घेऊन फिरत होत्या. घरात आंधळ्यासारखं चालायची तालीमही करून झाली होती. हसावं की रडावं ते कळेना, म्हणून त्यांनी नाक पुसलं. “हे आधी कुणी सांगितलं नाही हो,” त्या म्हणाल्या. “आम्ही छापखान्याची माणसं, ठिपक्यांवरच जन्म गेला. एका इंचात किती, एवढंच विचारायचं होतं.”

“एवढंच विचारायचं असतं,” दुकानदार म्हणाला, आणि पहिल्यांदाच त्याचा आवाज थोडा सरळ झाला. “घरच्या तुमच्या मॉनिटरवर एका इंचात सत्तरच्या आत. हा सत्तावीस इंची, फोर-के म्हणतात तो. याच्यावर दीडशेच्या वर. तुमच्या लॅपटॉपइतकेच.”

लॅपटॉप दुसरीकडे जोडला. पत्रक उघडलं ते इतकं बारीक की भिंगताईंचा चेहरा पडला. दुकानदारानं हात वर करून थांबवलं, एक जुनी केबल काढून दुसरी लावली, मग सेटिंगमध्ये जाऊन अक्षरांचा आकार नेमका दुप्पट केला. “ठिपके सगळे वापरायचे आणि अक्षर मोठं करायचं. ठिपके कमी करून अक्षर मोठं करायचं नाही. निम्मे लोक इथंच फसतात.”

आणि अक्षरं वर आली. दुसरा शब्द नाही त्याला, तळातून वर आली. प्रत्येक काना उभा, प्रत्येक अनुस्वार गोल, ओळीमागून ओळ काळी आणि कोरडी. भिंगताईंनी गळ्यातलं भिंग काढून काचेला लावलं. आत लाल, हिरव्या, निळ्या बारीक काड्या ओळीनं उभ्या होत्या, इतक्या जवळ की मध्ये बोट तर सोडाच, शंकाही मावणार नाही. त्यांनी शेजारचा चमकदार काचेचा मॉनिटरही बघितला. त्यात अक्षर थोडं जास्तच उठून दिसत होतं, पण मागच्या दिव्याबरोबर स्वतःचा चेहराही दिसत होता. काम करताना स्वतःचा चेहरा कशाला बघायचा, म्हणून तो नाकारला.

“तुम्ही तर म्हणाला होतात घरी स्वच्छ दिसतंय,” त्या रेडिओंकडे वळून म्हणाल्या. आवाजात नुसती चेष्टा होती.

“तुझं मन राखायला म्हणालो,” रेडिओ म्हणाले.

“बसा आता. वाचा.”

दुकानदारानं दोन स्टुलं सरकवली. रेडिओंनी मूळ प्रत हातात धरली, घसा साफ केला आणि सुरुवात केली. भिंगताईंची नजर पहिल्या ओळीवर बसली. कितीतरी दिवसांनी कान आणि डोळे एका चालीनं चालायला लागले. शब्द ऐकू यायचा आणि तिथंच दिसायचा, पायाखाली पायरी यावी तसा. दुकान, गल्ली, मॉनिटरच्या रांगा सगळं मागे पडलं. भिंगताई तेवीस वर्षांच्या होत्या, टेबलावर ऊन होतं, आणि हा आवाज कधी थांबणार नव्हता. आयुष्यात इतकं सुख फार थोड्या वेळा वाटतं, आणि ते वाटत असताना कळत नाही, पण त्यांना त्या वेळी कळलं.

“दिवसातून पाच गोळ्यांपेक्षा जास्त घेऊ नयेत,” रेडिओ वाचत होते.

स्क्रीनवर चार होते. स्वच्छ, काळे, कुणी चुकूनही पाच म्हणणार नाही असे चार. भिंगताईंच्या हातानं आपोआप दोन ठोके मारले.

रेडिओ ओळीच्या सुरुवातीला गेले. “दिवसातून पाच गोळ्यांपेक्षा जास्त घेऊ नयेत.”

भिंगताईंनी मान वळवली. रेडिओंच्या हातात तीच प्रत होती, आणि तिच्यावर चार आहेत हे भिंग लावून त्यांनी स्वतः बघितलं होतं. रेडिओंचा अंगठा मात्र चार ओळी खाली होता. डोळे कागदावर नव्हते, कागदाच्या थोडे वर, कुठंच नव्हते. ते वाचत नव्हते. ते म्हणत होते.

पेन्सिल हातात तशीच राहिली. ऐकण्यात झालेली ती चूक, दुसऱ्या पत्रकातली ती दुसरी चूक, ‘काय स्वच्छ दिसतंय, पाटीसारखं’, ती तिरकी मान, सगळं एकदम ओळीत आलं. काखेत कळसा आणि गावाला वळसा म्हणतात, पण इथं तर कळसा शेजारच्या खुर्चीत बसून रोज वाचून दाखवत होता, आणि त्या आपल्याच डोळ्यांची काळजी करत बसल्या होत्या. त्यांना स्वतःची लाज वाटली.

रेडिओ थांबले होते, पुढचे ठोके पडतात का ते ऐकत.

भिंगताईंनी ठोके मारले नाहीत. एकतीस वर्षांत पहिल्यांदा त्यांनी चूक जाऊ दिली. रेडिओ पुढे निघाले, आणि ‘थंड व कोरड्या जागी ठेवावे’ येईपर्यंत त्यांनी एकदाही अडवलं नाही.

“हा द्या,” त्या दुकानदाराला म्हणाल्या. “घरचा मोठा आणून टाकते, कुणाला तरी मासे बघायला होईल.”

दुकानाबाहेर एक दगडी पार होता. खोकं दोघांच्या मध्ये ठेवून ते तिथं बसले. समोरून सायकली जात होत्या.

“कधीपासून?” भिंगताईंनी विचारलं.

रेडिओंनी समजलं नाही असं दाखवलं नाही. “गेल्या हिवाळ्यापासून. मधोमध एक डाग आलाय. जिथं बघावं तिथलंच नाहीसं होतं. कडेकडेनं सगळं दिसतं, म्हणून चालता येतं.” ते थांबले. “तू दिसतेस. तोंड सोडून सगळी दिसतेस.”

भिंगताईंना ते ऐकवेना. “मला का नाही सांगितलंत?”

“जोडी मोडली असती. तुझं काम गेलं असतं. पत्रकं सगळी तोंडपाठ आहेत, म्हटलं निभेल. आणि आकडे तू मागून बघतेसच.”

“मला वाटत होतं माझे डोळे गेले. मीही नाही सांगितलं.”

“का?”

“जोडी मोडली असती.”

रेडिओ हसले, मग भिंगताईही हसल्या, आणि हसता हसता त्यांना रडू आलं ते त्यांनी आवरलं नाही. आपली लबाडी समोरच्याच्या तोंडून ऐकावी लागणं, याच्याएवढी शिक्षा संसारात दुसरी नाही. रेडिओंनी हात पुढे केला, आणि तो खोक्यावरून थोडा चुकत चुकत त्यांच्या खांद्यावर आला.

दुसऱ्या दिवशी रेडिओंना घेऊन डोळ्यांच्या डॉक्टरांकडे जाताना त्या पलीकडच्या पदपथानं गेल्या नाहीत. डॉक्टर बाईंनी बराच वेळ तपासलं आणि सरळ सांगितलं. गेलेलं परत येणार नाही. इंजेक्शनं घेतली तर उरलेलं बरेच दिवस टिकेल. कडेची नजर राहील, पण अक्षर आता विसरा. भिंगताईंचे डोळे त्यांनी आपणहून तपासले आणि म्हणाल्या, “तुमचे उत्तम आहेत.” इतकी चांगली बातमी इतकी नकोशी भिंगताईंना कधी वाटली नव्हती.

पुढचे चार दिवस त्यांनी एक काम केलं. हिवाळ्यापासून तपासलेली सगळी पत्रकं काढली, सत्तावीस इंचांवर लावली, आणि एकटीनं ओळ न् ओळ मूळ प्रतीशी ताडली. कुठंही चूक गेलेली नव्हती. मग त्यांनी मुख्य तपासनीस बाईंना सगळं खरं कळवलं. बाईंचं उत्तर दोन ओळींचं होतं. जोडी कशी बसवायची ते जोडीनं ठरवावं, आणि चाचणी ठरल्या दिवशीच होईल.

“तू दुसरी जोडीदार बघ,” रेडिओ म्हणाले. “अजून वेळ आहे.”

“तुम्ही तुमच्या खुर्चीत बसा,” भिंगताई म्हणाल्या.

चाचणीच्या दुपारी ऊन नेहमीसारखं टेबलाच्या मधोमध थांबलं होतं. मॉनिटरवर पत्रक आलं, एका रक्तदाबाच्या जुन्या गोळीचं. भिंगताईंनी पेन्सिल उचलली, आणि ती टेबलापलीकडे रेडिओंच्या हातात दिली.

“मी वाचते,” त्या म्हणाल्या. “तुम्ही ऐका.”

त्यांनी मोठ्यानं असं कधी वाचलं नव्हतं. सुरुवातीला आवाज कापला, मग सापडला. वाचता वाचता त्यांच्या डोळ्यांना एकेक चूक दिसत गेली. प्रमाण एक शून्यानं वाढलेलं, एक तारीख उलटी पडलेली, एका घटकाचं नाव बदललेलं. पाचवी आणि सहावी तर एकाच परिच्छेदात होत्या. अक्षरं इतकी स्वच्छ होती की चुका स्वतःहून हात वर करत होत्या. शेवट जवळ आला तरी सहाच झाल्या होत्या. भिंगताई सावकाश वाचत राहिल्या. “गाडी चालवताना काळजी घ्यावी. मद्य घेऊ नये.”

टेबलावर दोन ठोके पडले.

भिंगताई ओळीच्या सुरुवातीला गेल्या. पुन्हा वाचलं. स्क्रीनवर जे होतं ते अगदी बरोबर होतं, एक मात्रा इकडची तिकडे नव्हती.

पुन्हा दोन ठोके.

“काय झालं?” त्यांनी विचारलं. “बरोबर आहे हो.”

“आहे ते बरोबर आहे,” रेडिओ म्हणाले. “एक वाक्य नाहीये. गाडी आणि मद्य यांच्या मध्ये यकृत येतं. ‘यकृताचा आजार असल्यास डॉक्टरांना आधी सांगावे.’ एकवीस वर्षं येतंय.”

भिंगताईंनी स्क्रीनकडे बघितलं. तिथं दोन वाक्यांच्या मध्ये काहीच नव्हतं, नुसती नेहमीची स्वच्छ पांढरी जागा. कितीही ठिपके असले आणि डोळे कितीही उत्तम असले तरी तिथं काही दिसलं नसतं. त्यांनी सातवी चूक लिहिली.

पत्रकाच्या तळाशी नेहमीच्या दोन चौकटी होत्या. डावीकडे ‘वाचक’, उजवीकडे ‘तपासनीस’. भिंगताईंनी कागद छापून घेतला, डावीकडे स्वतःची सही केली, आणि उजवी चौकट कुठं सुरू होते ते कळावं म्हणून रेडिओंचं बोट धरून तिथं टेकवलं.